चाचांचा जाड टाइप

“ज्या अक्षराले पायच नाही, ते उभं कसं राहीन?” पडद्यापलीकडे चाचा कुणाला तरी विचारत होते. गिऱ्हाईक गप्प. आतल्या स्टुलावर प्रूफ तपासत बसलेली मीही गप्प. गिऱ्हाइकाचा तो नाइलाज होता, माझा स्वभाव.

यवतमाळात त्या काळी चाचांइतकं इंग्रजीवर प्रेम करणारा दुसरा माणूस नव्हता, आणि चाचांना इंग्रजीचं एकही वाक्य वाचता येत नव्हतं. ते बाबांचे मित्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा छापखाना. चेहऱ्यांवरून माणसं ओळखावीत तशी अक्षरं ओळखून ते शिशाचे खिळे जुळवत. शब्द बरोबर झालेत की नाही हे सांगायला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी होते.

त्यांचा जीव एका जाड टाइपात होता. काळाकुट्ट, भरदार, उभ्या रेघा खांबासारख्या, आडव्या बारीक, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला छोटंसं पाऊल. ‘आर’ने पुढे टाकलेला पाय ते मला भिंगातून दाखवत. “हा पहिलवान हाय बेटी. बारीक टाइप म्हंजे कारकून.” एका जिनिंग फॅक्टरीसाठी त्यांनी विडीबंदीची इंग्रजी नोटीस या टाइपात छापली. मजुरांपैकी कुणालाच ती वाचता येईना, पण तिच्यासमोर विडी पेटवायची हिंमतही होईना. वाचता आली असती तर पेटवली असती, असं चाचांचं मत.

जाड टाइप कुणाला द्यायचा हे गिऱ्हाईक ठरवत नसे. एका वकिलांच्या कार्डावर त्यांनी ‘अ‍ॅडव्होकेट’ जाड छापलं आणि नाव बारीक. वकील तणतणत आले. “काम मोठं हाय साहेब,” चाचा नम्रपणे म्हणाले, “मानूस अजून पाहून राह्यलो.” वकील तीच कार्डं घेऊन गेले.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा नागपूरला सरकारी नोकरीत, म्हणून पत्रिका इंग्रजीत. चाचांनी कुणाला न विचारता माझं नाव जाड टाइपात जुळवलं आणि मुलाचं बारीक. प्रूफ पाहायला मुलाचे काका बाबांबरोबर छापखान्यात आले. मी आतल्या स्टुलावरून पडद्याच्या फटीतून पाहत होते.

“हे उलटं काहून केलं?” ते म्हणाले. “पोरीचं नाव बारीक करा. नाहीतर आम्हाले या सोयरिकीचा पुन्हा विचार करावा लागीन.”

बाबांचा चेहरा उतरला. चाचांनी छपाईला येणाऱ्या सरकारी कचेरीतल्या साहेबांचंही कधी ऐकलं नव्हतं. आता ते या पाहुण्यांना रस्ता दाखवतील, असं मला वाटलं. चाचांनी मात्र चिमटा उचलला. “बेटीचं घर वसून राह्यलं,” ते पुटपुटले, “टाइपाचं काय.” माझ्या नावातलं पहिलं अक्षर त्यांनी उपसलं आणि टाइपाच्या खणात टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याशी ते थांबले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

एवढ्या वर्षांत त्यांना कुणापुढे नमताना मी पाहिलं नव्हतं, आणि आज ते नमत होते ते माझ्यासाठी. मी स्टुलावरून उठून पडद्याबाहेर आले.

“चाचा,” मी म्हणाले, “ती दोन अक्षरं परत लावा. विचार करायचाच असेल तर त्यांना करू द्या.”