पाव्हण्याची चतकोर

डब्यातली शेवटची चतकोर भाकरी भाऊसाहेब परत डब्यात ठेवत, झाकण दाबत आणि त्यावर दोन बोटं टेकवून म्हणत, "ही पाव्हण्याची."

लोहाऱ्याच्या आमच्या कचेरीत दुपारी टेबलं जोडून आम्ही जेवायला बसायचो. कोण काय खातंय, किती खातंय, ह्यावर सगळ्यांचं बारीक लक्ष. तुम्ही कधी कचेरीत जेवला असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. ती झाकलेली चतकोर कुणाच्याच नजरेतून सुटली नव्हती. पाव्हणा काही येत नसे. चारच्या चहाबरोबर बाकीचे टपरीवरनं भजी मागवत, तेव्हा भाऊसाहेब डबा उघडत. "न्हाय आला. मग आता आमीच पाव्हणं," म्हणत आणि ती चतकोर चहात बुडवून खात. भज्यांकडं मान वळवत नसत.

भाऊसाहेब आमच्यातले सगळ्यांत जुने कारकून. नाव सांगत नाही, तो हक्क मी घालवलाय. अंगानं एवढे, की वडापचा जीपवाला त्यांना पुढं बसवून घ्यायचा नाही. गिअर टाकता येत नाही म्हणायचा. गुडघे बोलायला लागले तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं.

तेव्हा गावात पावडरीची लाट होती. सकाळी एका घरी जमायचं, दुधासारखं काहीतरी प्यायचं, टाळ्या वाजवायच्या आणि रात्रीचं जेवण सोडायचं. मी त्यात होतो. माझी पँट ढिली झाली होती आणि मी कचेरीभर पट्टा ओढून दाखवत फिरत होतो.

"भाऊसाहेब, चला उद्यापासून. महिन्यात फरक दिसतो."

"ही पावडर जल्मभर प्यायची का, राव?"

"जन्मभर कशाला? उतरेपर्यंत."

"आन् उतरल्यावर?"

मी पट्टा वर ओढला. ते डबा पुसत म्हणाले, "जे मरूस्तोर जमणार न्हाय, ते म्या आठ दिस बी करत न्हाय. चतकोर जमंल."

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

बाकीचंही असंच. गावाच्या अलीकडं, पेट्रोल पंपापाशी ते वडापमधून उतरायचे आणि तिथून चालत यायचे. "वाटंत कुनाचं तरी घर आसल," शिपाई डोळा बारीक करून म्हणाला. एकजण खरोखरच मागून जाऊन बघून आला. भाऊसाहेब बाभळीखाली थांबून गुडघे चोळतात आणि पुन्हा निघतात, एवढाच शोध लागला. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

पुढं माझी पावडर सुटली. पँट आधीपेक्षा जास्त आवळली. भाऊसाहेबांचं मात्र उतरत होतं. इतकं सावकाश, की रोज बघणाऱ्याला कळू नये. मला कळत होतं, कारण मी बघत नव्हतो, पाळत ठेवत होतो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, त्यांनी आम्हाला शेतात जेवायला बोलावलं. कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. मी मिसळभाजीच्या भज्जीत बाजरीचा उंडा कालवत होतो, पण नजर त्यांच्या पानावर. त्यांनी भज्जी पुन्हा घेतली, परत घेतली, वर आंबिलाचा तांब्या तोंडाला लावला.

"आज पाव्हण्याचं काय?" मी विचारलंच.

"येळवशीला हात आखडनारा मानूस रोजच्याला टिकत न्हाय, राव. घ्या, लाजू नका."

परतताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच किडा. एवढं जेवून माणूस उतरतो कसा? आपल्याकडं अंग सुटलं की म्हणतात, तब्येत केली. उतरलं की म्हणतात, आतून काहीतरी पोखरतंय. मी पावडर पिऊन जमवू शकलो नाही ते ह्यांना भाकरी खाऊन जमतंय, हे मानण्यापेक्षा ते मानणं मला सोपं गेलं. साखर असणार. नाहीतर त्याहून मोठं काहीतरी. आणि लपवतायत.

एके दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी फरशीवर पेपर अंथरला, टेबलाचा पाय धरला आणि हळूहळू मांडी घातली. कितीतरी वर्षांनी घातली असेल. चेहरा घामानं भिजलेला.

"बसलो!" ते ओरडले. मग आमच्याकडं बघत म्हणाले, "आता उठवा की. बघत काय बसलाय?"

दोघांनी हात देऊन उठवलं. धापा टाकत म्हणाले, "पोरीच्या कन्यादानाला खुर्ची नको बगा. पाटावर बसायचंय मला. तेवढ्यासाठीच चाललंय समदं."

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढं जे झालं ते ठाऊक असताना झालं.

थोड्याच दिवसांत तुळजापूरकडचे दोघंजण कचेरीत आले. भाऊसाहेब तालुक्याबाहेर गेले होते. मुलीचं जमत आलं होतं आणि हे मुलाकडचे चौकशीला आले होते. अशी चौकशी घरी करत नाहीत, सोबत काम करणाऱ्याकडं करतात. मी त्यांना टपरीवर नेलं.

"मानूस कसा हाय?" थोरल्यानं विचारलं.

"सोनं आहे."

"घरचं?"

"काही बोलायला जागा नाही."

"तब्येतपानी?"

इथं मी लगेच बोलायला हवं होतं. मी बशीत चहा ओतला, फुंकला. मग म्हणालो, "आधी अंगानं लई होते. आता उतरलेत जरा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "काय आजार बिजार?"

"आपल्याला काय ठाऊक? कधी बोलले नाहीत."

बघा, ह्यातला एकही शब्द खोटा नाही. चतकोरीबद्दल सांगितलं असतं, बाभळीबद्दल सांगितलं असतं, तर ते हसत गेले असते. मी बशीवर नजर ठेवली. त्यांनी चहा अर्धा तसाच ठेवला आणि "येतो मग" म्हणून उठले.

आठवडाभरानं नकाराचा निरोप आला. बाप खंगत चाललाय म्हणे, घराण्यात काय असेल सांगता येत नाही.

"म्या खंगलो व्हय?" भाऊसाहेब स्वतःच्या मनगटाकडं बघत होते. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "तुमी मानसं वळखता, राव. कोन बोललं आसल?"

"गावाचं तोंड, भाऊसाहेब. कुणाचं धरणार?" मी म्हणालो.

संशयानं भरलेल्या त्या कचेरीत कुणावरच संशय न घेणारा तो एकच माणूस होता. त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा झाला. चतकोर उरली नाही.

"पाव्हण्याची?" शिपाई म्हणाला.

"पाव्हण्यांस्नी जाडा बाप पायजे," ते म्हणाले आणि भज्यांच्या कागदाकडं हात नेला.

वडाप पुन्हा कचेरीच्या दारात थांबायला लागला. डब्यात गूळ-शेंगदाणे, तुपाची वाटी. मी एकदा धीर करून म्हणालो, "सोडू नका भाऊसाहेब, चांगलं चाललं होतं."

"लगीन हू द्या. मग हायच की सावकाश."

दुसरं स्थळ आलं. चौकशीला आलेल्यांना मी त्यांची तब्येत ठणठणीत असल्याचं दोनदा सांगितलं. जमलं.

भाऊसाहेब आता निवृत्त होऊन गावी असतात. चालणं सुटलंय असं ऐकतो. भेटायला जावं म्हणतो, जात नाही. टपरीवरचं ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला आधी सांगतोय. ह्यातही काही मोठेपणा नाही.

लग्न नळदुर्गच्या कार्यालयात झालं. जो तो त्यांना म्हणत होता, "आता कशी तब्येत झाली! मधी लई वाळला हुता." ते हसत होते. अक्षता पडल्या, कन्यादानाला पाट मांडले. भाऊसाहेबांनी धाकट्या भावाचा हात धरून वाकून पाहिलं, गुडघा अर्ध्यातच थांबला. मग पाटावर भाऊ-भावजय बसली आणि मागं एक प्लास्टिकची खुर्ची आली. भाऊसाहेबांच्या पत्नी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"हाताला हात लावा," भटजी म्हणाले.

भाऊसाहेब खुर्चीतनं पुढं वाकले. पोट आडवं आलं. भावाच्या खांद्यापर्यंतसुद्धा हात पोचेना. त्यांनी बोटं ताणली, पुन्हा ताणली. खुर्ची वीतभर पुढं सरकवायची होती, एवढंच. मी त्यांच्या सर्वांत जवळ उभा होतो, मुठीत उरलेल्या अक्षता घट्ट धरून.