फ्लॉपीला लावलेलं कुंकू

मी चौथी पास. लग्न होऊन साताऱ्याकडून वाशीला आले. नवरा कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहायचा आणि मी एका मेडिकल कॉलेजात शिपाई म्हणून लागले. नव्वद सालानंतर तिथे कॉम्प्युटर आले आणि त्यांची खोली माझ्याकडे दिली. चार कॉम्प्युटर, एक एसी, एक कपाट. मी पुसायचं, कुलूप लावायचं आणि पोरांना चपला बाहेर काढायला लावायच्या. ही होणारी डॉक्टर पोरं प्रेत फाडताना नाक मुरडत नसत, चपला काढताना मुरडत.

खोली ज्या मॅडमनी मागून मागून मिळवली होती, त्या एक धडा तयार करत होत्या. कॉम्प्युटरवर एक पेशंट बाई दिसायची. पोरांनी प्रश्न निवडायचा, की तिचं उत्तर उमटायचं. वॉर्डात एकेका पेशंटभोवती वीस वीस पोरं उभी राहत, त्यात मागच्यांना काही ऐकूही येत नसे. काचेतली बाई कितीही वेळा विचारलं तरी कंटाळणार नव्हती.

एकदा मी पुसत असताना मॅडमनी तिचं उत्तर वाचून दाखवलं. "'गेल्या काही दिवसांपासून माझ्या मुखात दाह होत आहे.' कसं वाटतं, मावशी?"

"असं बोलणारी बाई दवाखान्यात कशाला येईल? कीर्तनाला जाईल."

मॅडम हसल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "मग तुम्ही सांगा."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीनंतर मी बोलायची आणि त्या टाइप करायच्या. तोंडात चरचरतंय, तिखट खाववत नाही, भाकरी दुधात कुस्करून खाते. मग त्यांनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"नाही."

"अहो, तोंडाच्या दुखण्यात तेच तर महत्त्वाचं आहे."

"ती बाई नाहीच म्हणणार. मशेरी लावत असली तरी."

मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड. पण आमच्याकडच्या बायका तिला तंबाखू म्हणत नाहीत. ती दातांची. "दात कशानं घासता, असं विचारायला शिकवा," मी म्हटलं. मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दातांकडे, आणि टाइप करायला लागल्या.

डीनसाहेबांना ते कॉम्प्युटर ऑफिसात टायपिंगला हवे होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचे मोठे डॉक्टर धडा बघायला येणार, त्यांना पटला तर खोली राहील, नाही तर कॉम्प्युटर ऑफिसात, असं ठरलं. त्यातच कॉम्प्युटरना व्हायरस लागला आणि आतलं सगळं पुसावं लागलं. व्हायरस पुन्हा लागेल म्हणून धडा परत आत घातला नाही, तो उरला एका फ्लॉपीवर. मॅडमनी ती माझ्या हातात दिली. "मावशी, आपलं सगळं काम आता हिच्यात आहे. जपा."

मी जपली. खंडेनवमीला नवऱ्याने मार्केटातून झेंडू आणला होता. चारी कॉम्प्युटरना हार घातले, आणि खरं हत्यार ते कपाटात, म्हणून फ्लॉपीही काढली. वरच्या प्लास्टिकला लावून काय उपयोग? पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीलाच पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर नुसता गुरगुरला. त्यांनी ती बाहेर काढली.

"मावशी, हे काय आहे?"

"पूजा केली."

"फ्लॉपीची? आत कसं गेलं हे?"

मी सांगितलं. मॅडम खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर पाहुणे चपला काढत होते.

"मला सगळं पाठ आहे," मी म्हटलं. "मला बसवा."

"हे काय नाटक आहे का?"

"मग काय दाखवणार, रिकामी काच?"

मॅडमनी पाहुण्यांना झालं ते सरळ सांगितलं. डीनसाहेब कपाळाला हात लावून उभे राहिले. मी कॉम्प्युटरशेजारी बसले. समोर केरळकडची एक विद्यार्थिनी होती. तिने तो धडा आधी करून बघितला होता. तिने एक प्रश्न विचारायचा, मी तेवढंच उत्तर द्यायचं.

पाहुण्यांतले एक म्हातारे डॉक्टर घाईत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "तंबाखू?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, साहेब."

त्यांनी कागदावर लिहून टाकलं. मुलगी म्हणाली, "मावशी, तुमी दात कशाने घासते?"

"मशेरीनं. दिवसातून तीनदा."

म्हाताऱ्यांचं पेन थांबलं. "तुला हे कसं सुचलं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"सर, पहिल्या वेळी मी पण 'तंबाखू नाही' असंच लिहिलं होतं. कॉम्प्युटरने चूक दाखवली."

"आमच्याकडे चूक दाखवायला कुणी नव्हतं," ते म्हणाले आणि आपलं लिहिलेलं खोडलं. मग डीनसाहेबांकडे वळले. "टायपिंगला दुसरे कॉम्प्युटर बघा."

पाहुणे गेल्यावर मॅडमनी टॉर्च काढला. "आता तोंड उघडा."

"ते धड्यातलं होतं, मॅडम."

"उघडा."

मशेरी सोडायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी सगळ्यांना शिव्या घातल्या. धडा आम्ही पुन्हा टाइप केला, या खेपेला तीन फ्लॉप्यांवर. तिन्ही मॅडमच्या पर्समध्ये.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला एक कोरी फ्लॉपी दिली. "हिला काय लावायचं ते लावा." मी लावलं आणि ती कपाटावर ठेवली. त्या वर्षी व्हायरस आला नाही. मॅडम म्हणाल्या, तो योगायोग. असेल.