आरतीची टाळी

बागेत जॅझ आणि ब्लूजचा महोत्सव होता, तोही फुकट, त्यामुळे संध्याकाळी फिरायला आलेली मंडळीही हिरवळीवर बसली होती. गायिकेने सगळ्यांना टाळी शिकवली: एक सोडून दोनवर, तीन सोडून चारवर. मला ती शाळेपासून येते. तरी माझे हात मांडीवरच होते, कारण चारचौघांत चुकायची मला फार भीती वाटते.

शेजारच्या अनोळखी काकू मात्र प्रत्येक मात्रेवर दणादण टाळ्या वाजवत होत्या, थेट आरतीसारख्या.

"अगं, वाजव की! हाताला मेंदी लावलीयस का?"

"चुकेल, काकू."

"आरतीत कधी चुकते का कुणाची?"

खरंच, आरतीत कुणी पुढे धावतं, कुणी मागे रेंगाळतं, कुणी कडवंच विसरतं; म्हणून देव काही उठून जात नाही. तेवढ्यात ड्रमवाला काकूंकडे बघून हसला आणि त्याने त्यांचाच ठेका उचलला. सॅक्सोफोनही आनंदाने त्यामागे निघाला.

मी टाळी वाजवली. ती भलत्याच जागी पडली, एकटीच, खणखणीत. पुढच्या आजोबांनी वळून पाहिलं. मी दुसरी वाजवली.