राजपुत्र जन्माला येईपर्यंत

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी हळदकुंकू वाहिलं. वाचनालयाचं पुस्तक ते, आत गोल शिक्का मारलेला, आणि मी आंघोळ करून, पाट मांडून, त्यावर ते ठेवलं आणि शिक्क्याच्या वरच कुंकवाचं बोट टेकवलं. मला माहीतच नव्हतं. मी चौथीत असताना शाळा सुटलेली, आणि त्यानंतर जाड पुस्तक म्हणून जे काय बघितलं ते पोथीच. जाड म्हणजे पोथी, असंच डोक्यात बसलेलं.

ते ह्यांनी आणलेलं. हे ठाकुर्लीला पावरहौसमध्ये कामाला. आमची डोंबिवलीत चाळीत दीड खोली, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पुढे गॅलरी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे नुसती भातशेतं. मुलगी तेव्हा साडेचार महिन्यांची. मी दिवसभर तिच्याजवळ बसलेली असायची. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायची, बोटाला श्वास लागतो का बघायची. लागला की बरं वाटायचं, बोट काढलं की परत भीती. भात करपायचा, दूध उतू जायचं, आणि मी आपली बोट धरून. हे घरी आले की आधी तो वास घ्यायचे, मग माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, तुझं मन कशात तरी गुंतलं पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक बगलेत मारून आले, चांगलं विटेएवढं जाड. वरच्या चित्रात राजवाडा आणि पंखांचा घोडा. जादूची कादंबरी आहे, म्हणाले, चार भाग आहेत, हा पहिला. सुरुवातीला जरा संथ आहे म्हणतात, पण पुढे रंगते.

भीती कशाची होती ते सांगायला पाहिजे. मुलीच्या आधी मला मुलगा झालेला. तो पोटात असताना सातव्या महिन्यात मोठ्या जाऊबाईंनी मला पोथी वाचायला बसवलं, सात दिवसांत संपवायची, म्हणजे बाळंतपण सुखाचं होतं. तीन दिवस मी वाचली. चौथ्या दिवशी कंबर अशी भरून आली की मी आडवी झाले, म्हटलं उद्या वाचते. तो उद्या आलाच नाही. पोथी फडक्यात बांधून फळीवर गेली. मुलगा आठव्यातच झाला, एवढासा, आणि अकरा दिवस राहिला. पुढे कधीतरी जाऊबाई तांदूळ निवडताना सहज म्हणाल्या, पोथी अर्ध्यावर राहिली ना तुझी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

तर मी ते पुस्तक पोथीसारखं वाचायला घेतलं. दुपारी, मुलीला मांडीवर घेऊन, मोठ्यानं, अक्षराखाली बोट फिरवत. पोथीतलं काही गाळायचं नसतं म्हणून मी छापखान्याचं नाव वाचलं, पत्ता वाचला, किंमत वाचली. मग चुकांची यादी होती, अमुक पानावर अमुक ओळीत अमुक छापलंय ते असं वाचावं, तीही अख्खी वाचली, सावकाश, स्तोत्र म्हणतात तशी. मुलीला ती आवडली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

संध्याकाळी ह्यांनी पान उघडलं आणि कुंकू बघितलं. आधी हसले. मग म्हणाले, अगं, परत द्यायचंय हे. खोडरबर घेऊन बसले तर ते आणखी पसरलं, गुलाबी डाग झाला, शिक्क्यावर ढग आल्यासारखा. मग त्यांनी मला समजावलं की ही पोथी नाही, कुणीतरी मनानं रचलेली गोष्ट आहे, आवडली तर वाचायची, नाही आवडली तर ठेवून द्यायची. मी मान हलवली. पण कुंकू तर लावून झालेलं. पाट मांडून, नमस्कार करून सुरू केलेलं. आता ते काहीही असो, अर्ध्यावर सोडायची माझी हिंमत नव्हती.

आणि ते पुढे सरकेना. पहिली तीस पानं नुसती राजाची वंशावळ, कुणाचा कोण, कुणी कुठला गड बांधला. मग नगराचं वर्णन, सात तट, प्रत्येक तटाला वेगळा दरवाजा, दरवाजावर वेगळं नक्षीकाम. मग राणीची बाग. बागेत झाडं किती असावीत, प्रत्येक झाडाचं नाव, त्यावर बसणारा पक्षी, तो पक्षी काय बोलतो. राणीला मूल होत नव्हतं म्हणून ती त्या बागेत फिरत होती, आणि ती नुसती फिरतच होती. पंखांचा घोडा कुठे दिसत नव्हता. ज्या राजपुत्राची गोष्ट, तो अजून जन्मालाच आलेला नव्हता. रात्री जेवताना हे विचारायचे, आला का राजपुत्र? मी म्हणायची, नाही अजून. मग आमटी वाढायची.

पण खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला आवडायच्याही. चाळ निजलेली असायची. विहिरीवरचा रहाट मधूनच करकरायचा. वाचता वाचता माझा आवाज बारीक व्हायचा, डोळे जड व्हायचे, आणि ते नगर हळूहळू माझ्या माहेरचं बाळकुम व्हायचं. माझे वडील मिठागरात कामाला. तट म्हणजे आगराचे बांध, खंदक म्हणजे खाडी, आणि पांढरे घुमट म्हणजे उन्हात चमकणाऱ्या मिठाच्या राशी. राणी त्या बांधांवरून चालली आहे, अनवाणी, पायाला खारं पाणी लागतंय, आणि तिच्या कडेवर कोणीतरी आहे, पण तोंड दिसत नाही. मी जवळ जायची, तेवढ्यात मुलगी हलायची आणि मी दचकून जागी व्हायची, बोट त्याच ओळीवर. मग मनाला सांगायची, आगरातसुद्धा सुरुवातीला काय असतं? बाबा आधी नुसता चिखल तुडवायचे, दिवसच्या दिवस, मग पाणी घ्यायचे, मग बघत बसायचे. मीठ एकदम कुठे दिसतं. दिसेल, राजपुत्रही दिसेल.

पंधरा दिवस झाले, ह्यांनी मुदत वाढवून आणली. आणखी पंधरा दिवसांत मी बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचले.

त्याच सुमारास देवीची लस टोचणारे आले. चाळीतल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं, तान्ह्यांना आया घेऊन उभ्या. मुलीच्या दंडावर टोचलं. आठवडाभरानं ते फुगलं आणि ताप भरला. टोचल्यावर ताप येतो हे मला सगळ्यांनी सांगितलेलं. पण आदल्या दिवशी पाहुणे आलेले म्हणून माझं वाचन चुकलेलं. एकच दिवस. मला दुसरं काही दिसेचना.

हे कामावर. मी पटकन आंघोळ केली, पाट मांडला, मुलीला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. चुकलेल्या दिवसाचंही आज भरून काढायचं ठरवलं, म्हणजे दोन प्रकरणं. ती रडत होती, मी तिच्यावर आवाज चढवून वाचत होते. मला धाप लागत होती. शब्द नीट फुटत नव्हते, पक्ष्यांची नावं एकात एक अडकत होती, आणि ती तव्यासारखी तापलेली माझ्या मांडीवर. पाणी द्यायला पाहिजे हे कळत होतं. पण मध्येच उठायचं नसतं.

शेजारच्या काकू दारात आल्या. बिऱ्हाड आमच्या भिंतीला लागून, त्यांना रडणं ऐकू आलेलं. त्या कोकणातल्या, शिकलेल्या, वाचनालयातून दर आठवड्याला पुस्तक आणायच्या. "अगं, किती तापलीय ती, बघितलंस का?" मी हातानं खुणावलं, थांबा. त्या आत आल्या आणि मुलीला उचलून घेतलं. मी उठले नाही. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं. मुलगी दुसऱ्याच्या कडेवर, आणि मी पाटासमोर, बोट ओळीवर.

काकूंनी तिला चमच्यानं पाणी पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. मग माझ्यासमोर खाली बसल्या आणि पुस्तक मिटलं. मध्येच, खूण न ठेवता. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मी सगळं सांगितलं, पोथी, कंबर, अकरा दिवस, खडा, कुंकू, सगळं एका दमात, कारण थांबले असते तर परत सुरू झाले नसते.

काकूंनी पुस्तक उलटं करून नाव बघितलं. "हे होय. हे मी दोनदा आणलेलं. दोन्ही वेळेला त्या बागेतच राहिले."

"मग?"

"मग काय, परत दिलं."

"पुढं काय झालं?"

"पुस्तकात? मला काय माहीत."

"नाही," मी म्हटलं, "घरात."

तेव्हा त्यांना नीट कळलं, असं मला वाटतं. मुलीच्या कपाळावरची पट्टी त्यांनी उलटवली. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा सोडलं तेव्हा धाकटा पोटात होता. तोच, जो दिवसभर जिन्याच्या कठड्यावरून घसरतो आणि मला चड्ड्या शिवायला लावतो." मग त्यांनी पुस्तक आडवं धरलं, पानांच्या कडा माझ्याकडे करून. "हे बघ."

मी बघितलं. सुरुवातीच्या पानांच्या कडा काळपट झालेल्या, लोकांच्या बोटांनी, तेलानं, घामानं. ती मळकी जाडी बोटभर. आणि मग एकदम पांढरं. भरतीचं पाणी भिंतीवर जिथपर्यंत चढतं तिथे जशी रेघ राहते, तशी रेघ. वर सगळं स्वच्छ, कुणाचा हात न लागलेलं.

"इथपर्यंत अख्खी डोंबिवली आलीय," काकू म्हणाल्या. "सगळी बागेतून परत गेली. त्या सगळ्यांच्या घरी काय रडारड चाललीय का?"

मी त्या रेघेकडे बघत राहिले. एवढी माणसं. कुणी आमटीच्या हातानं पान उलटलेलं, कुणी तपकिरीच्या. सगळ्यांनी सोडलेलं, आणि सगळी आपापल्या घरी, चूल पेटवून.

संध्याकाळी ह्यांच्याबरोबर मी मुलीला डॉक्टरकडे नेलं. टोचल्याचाच ताप, म्हणाले, उतरेल. तो दोन दिवस होता. ते दोन दिवस पुस्तक फळीवर होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसत होते, पण पाठीला ते कळत होतं. वाचलं नाही. किती वेळा हात गेला, पण वाचलं नाही. नुसतं पाणी, पट्ट्या, अंगावर पाजणं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला घाम फुटला. ती गार झाली आणि अशी जोरात प्यायला लागली की मला दुखलं. तेव्हा मी रडले. हे म्हणाले, अगं, आता कशाला, बरी झाली ना. मी तिच्यासाठी रडत नव्हते. हिचा ताप पुस्तक न वाचता उतरला, म्हणजे माझा मुलगाही पोथी अर्ध्यावर राहिली म्हणून गेला नव्हता. तो एवढासा होता म्हणून गेला. दोन वर्षं मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते, नुसती घाबरलेली होते.

पुस्तक परत गेलं. कुंकवाबद्दल वाचनालयात ह्यांना ऐकून घ्यावं लागलं. पुढे बाळकुमला गेले तेव्हा बाबांना मी विचारलं, आगरात मीठ धरायला लागलं आणि अवचित पाऊस आला तर काय करता? माहीत होतं तरी विचारलं. ते म्हणाले, काय करणार, बांध फोडून पाणी सोडून द्यायचं. मी म्हटलं, देव रागावत नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरंच काही बोलायला लागले.

ह्या उन्हाळ्यात मीच ह्यांना म्हटलं, ते परत आणा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का? आणलं. गुलाबी डाग तसाच होता. ह्या वेळी पाट नाही, आंघोळ नाही, भिंतीला पाठ लावून पाय पसरून, मनातल्या मनात. वंशावळ उलटली. तट उलटले. बाग आली तेव्हा मी सगळी पानं चिमटीत धरली आणि एकदम पलीकडे गेले, पांढऱ्या कडांच्या आत. तिथे राणीला दिवस गेलेले होते. तिथली पानं एकमेकांना चिकटलेली, नख घालून सोडवावी लागायची. सोडवत सोडवत मी चार दुपारी वाचलं, आणि राजपुत्र जन्माला आला. जन्माला आला आणि रडेना. दाया घाबरल्या, राजा दारात उभा, सातही तटांवरचे नगारे थांबलेले, आणि ते पोर काही रडेना.

तेवढ्यात मुलीनं भात मागितला. ती आता अडीच वर्षांची आहे, मागते म्हणजे ताटली आपटते. मी पुस्तक मिटलं, तिथेच, वाक्याच्या मध्ये, खूण न ठेवता, आणि उठले. भात कालवून आणला तर बाईसाहेब पुस्तकावर बसलेल्या, उंच बसायला मिळालं म्हणून खूश, पाय हलवत. पुस्तकाला पाय लागतो म्हणून सवयीनं माझा हात त्याला लागून कपाळाकडे गेला. पण तिला उठवलं नाही. पहिला घास भरवला. तिनं तोंड भरून खाल्ला आणि दुसऱ्यासाठी आ केला.