सोमवारी येईल

तंबू ठोकताना नवरा-बायकोचं वाजलं नाही, असं एकही कुटुंब खुंटीमामाने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी गाड्या कॅम्पच्या आवारात शिरायच्या, माणसं हसत उतरायची आणि पंधरा मिनिटांत ‘तुला साधी दोरी धरता येत नाही’ सुरू. पोरं तोवर नळाखाली चिंब. घरच्या गाद्या सोडून खडबडीत जमिनीवर पाठ मोडून घ्यायला यायचं, आणि वर सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीच्या रांगेत उभं राहायचं! हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही. मामा कुणाच्या मध्ये पडायचा नाही. खिशात चार जादा खुंट्या ठेवून फिरायचा, हाक आली की वाकून ठोकायचा आणि चालू लागायचा. पोरांनी त्यावरूनच नाव पाडलं होतं.

तो मामा, म्हणून त्याची बायको मामी. चादरी, टॉवेल, ऑफिसातली वही, हरवलेली आणि रडणारी पोरं, सगळं मामीकडे. मार्चमध्ये ती गेली. सकाळी चादरी वाळत घालून आली, दमले म्हणाली, खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मामा रडला नाही. मालकाने सुट्टी देऊ केली, तर नको म्हणाला, सुट्टीत करू काय? दाढ काढण्याआधी सुई देतात ना, तसं आतून सगळं बधिर होतं. जेवायचा, खुंट्या ठोकायचा, झोपायचा.

एप्रिलमध्ये हंगामाची पहिली गाडी आली. त्यातल्या गृहस्थाने उतरता उतरता विचारलं, मामी दिसत नाहीत? मामाच्या हातात ब्लँकेटांची चळत होती. तोंडातून निघून गेलं, बहिणीकडे गेलीय, सोमवारी येईल.

आता यात मामाची हुशारी काही नव्हती, पण खोटं बसलं मात्र चपखल. कॅम्पवर माणसं येतात शुक्रवारी आणि तंबू गुंडाळतात रविवारी. सोमवारी आवारात काळं कुत्रं फिरकत नाही. मग तो सगळ्यांनाच तेच सांगायला लागला. लोक म्हणायचे, अरेरे, चुकामूक झाली, नमस्कार सांगा. हा म्हणायचा, सांगतो. झाडलोट करणारी बाई ऐकायची आणि मान खाली घालून झाडू चालवायची. असं किती दिवस रेटणार, असं तिने एकदा विचारलंही, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि कहर म्हणजे, सोमवारी अकराची बस फाटकाशी थांबली की मामाची मान आपोआप वर व्हायची. स्वतःच रचलेली थाप, आणि त्यालाच तिची सवय लागली होती.

पण खोट्याच्या कपाळी गोटा. सात नंबरच्या जागेवर नऊ वर्षं एकच कुटुंब येत होतं, मुलगा, सून, दोन नाती आणि आजी. आजींची आणि मामीची गट्टी. दोघी कपड्यांच्या दोरीखाली बसून तासन्‌तास गप्पा हाणायच्या, बहुतेक सुनांबद्दल, आणि मामीला तर सूनही नव्हती. गेल्या वर्षी मात्र बिनसलं. नातींचे पोहायचे कपडे वाळत घालायला आजींनी मामीच्या धुतलेल्या चादरी दोरीवरून ओढल्या, त्या चिखलात पडल्या, शब्दाने शब्द वाढला आणि निरोप न घेता गाडी निघून गेली. ते आजींना वर्षभर डाचत होतं. या वेळी पाय जमिनीला लागायच्या आत त्यांनी विचारलं, मामी कुठे? मामाने ठरलेलं उत्तर दिलं.

रविवारी सकाळी मुलगा ऑफिसात आला. म्हणाला, आणखी एक दिवस राहतो. मी रजा टाकलीय, पोरींची शाळा बुडेल ती बुडेल, पण आई हटून बसलीय, मामींशी बोलल्याशिवाय हलणार नाही म्हणते.

मामा बरं म्हणाला आणि वही उघडली. सातच्या रकान्यात मामीने जानेवारीतच त्यांचं आडनाव लिहून ठेवलं होतं, सगळ्यांच्या आधी, ठसठशीत अक्षरात. त्याने ते दोनदा वाचलं. काहीच वाटलं नाही. मग दिवसभर तो चांगल्या नळांचे वायसर बदलत बसला.

सोमवारी साडेदहाला तो सातवर गेला. बाकीचे तळ्याकडे गेले होते. आजी केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून तंबूसमोर बसल्या होत्या. शेजारी दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली. मामा त्या खुर्चीत बसला.

“ती यायची नाही,” तो म्हणाला. “मार्चमध्ये वारली.”

आजी ताडकन त्याच्याकडे वळल्या.

“आणि तीन दिवस मला वाट बघायला लावलीत? लाज वाटायला हवी तुम्हाला.”

मामाने मान हलवली. खरं होतं ते. मग आजी रडायला लागल्या, रुमाल तोंडाला लावून, लहान पोरीसारख्या. आपल्या बायकोसाठी कुणी असं रडतंय, हे मामा शेजारी लाकडासारखा बसून बघत होता. त्याला त्यांचा हेवा वाटला.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “माझ्यावर राग होता का तिचा?”

नव्हता हो, असं जिभेवर आलं होतं. तीन महिन्यांत जीभ चांगली तयार झाली होती. पण या बाईला पुन्हा खोटं सांगायची त्याची छाती होईना.

“होता. दोन दिवस शिव्या घातल्या तुम्हाला. मग जानेवारीत नवी वही आली तर पहिला सात नंबर लिहिला. म्हणाली, त्या भांडकुदळ बाईला दोरीजवळचीच जागा लागते.”

आजी रडता रडता हसल्या आणि पुन्हा रडल्या. मामा मातीत रुतलेली एक खुंटी बुटाच्या टोकाने उगाच दाबत राहिला.

अकराला बस फाटकाशी थांबली. सवयीने मामाची मान वर झाली. आजींचीही झाली. बसचं दार उघडलं, कुणी उतरलं नाही, दार मिटलं आणि बस निघून गेली.

“नाही आली,” मामा म्हणाला, आणि मग तो रडला.