जंगलात मांडलेली चूल

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात माझा नवरा इस्रायलमधल्या रामल्याजवळच्या सरकारी जंगलात पहारेकरी होता. उंच मनोऱ्यावर बसायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि धूर दिसला की टेलिफोन करायचा. नोकरी टेंपररी. अश्दोदला तेव्हा नवं बंदर बांधत होते. माझ्या भावाने तिथे त्याच्यासाठी पक्कं काम बघून ठेवलं होतं आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. मला जायचंच होतं, माझं सगळं माहेर तिथे होतं. नवरा नुसता ‘बघू’ म्हणायचा. अलिबागेकडे लाकडाच्या वखारीत वाढलेला माणूस, कापलेल्या लाकडाचा वास आला की त्याला बायकोसुद्धा आठवत नसे.

म्हणून डबा घेऊन मी बसने त्याला समजवायला गेले. जंगल कसलं, रांगेत लावलेली पाइनची झाडं. मजूर फांद्या छाटत होते, खोक्यांसाठी ओंडके रचून ठेवले होते. एक हरीण माझ्याकडे बघून पुन्हा चरायला लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथेच थांब, असं मजुरांनी खुणेने सांगितलं.

थंड कालवण नवऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. आणि रानात जेवायचं तर तीन दगड मांडायचे, हे आम्हा कोकणातल्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मी पाइनच्या साली गोळा करून चूल पेटवली. साली भडकल्या, काळा धूर झाडांच्या वर गेला. कालवणाला कढ यायच्या आत जीप हजर. जीपमधून उतरलेल्या मुकादमाने माती टाकून चूल विझवली आणि माझ्यावर हिब्रूत तोंडसुख घेतलं.

तेवढ्यात नवरा धावत आला.

“दुर्बिणीतनं बायको दिसली नाय तुमाला?” मी विचारलं.

“दिसली की. निळी साडी.”

“मग?”

“धूर पन दिसला.”

बाई कोण, ते नवऱ्याने मुकादमाला सांगितलं. तो पोट धरून हसला. सख्ख्या बायकोला न सोडणारा पहारेकरी त्याला दुसरा कुठे मिळणार होता?

“परमनंट करतो बोलतो!” नवरा तोंडभर हसत मला म्हणाला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी संतापले होते, चार शब्द ऐकवणारही होते. पण मुंबई सोडल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. भावाला ‘येत नाही’ म्हणून मीच कळवलं, आणि कळवताना रडले.