पळीभर कडू

माझ्या लेकीला दिलेली गोळी मी एकदा चाखून पाहिली होती. दोन चमच्यांमध्ये चुरडून राहिलेली पूड बोटाला लागली होती, तीच. त्यानंतर बँकेत पोचेपर्यंत जीभ वळत नव्हती. चेन्नईच्या मांबलम स्टेशनवर कॉफी घेतली तर तीही कडूच लागली. तेव्हापासून ती थुंकते म्हणून तिच्यावर चिडायचा माझा हक्क संपला, तरी मी चिडत राहिलो ते वेगळं.

एका सकाळी ती डोळे सुजवून उठली. मच्छर चावले असतील म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग पाय सुजले, पोट टम्म झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हिच्या मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत, बरं होतं, पण स्टेरॉइडची गोळी काही महिने द्यावी लागेल. एकही डोस चुकवायचा नाही आणि मनाने एकदम थांबवायचा तर नाहीच नाही. दोन्हींत धोका आहे, असं त्यांनी बजावलं. आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या. ज्या साडेतीन वर्षांच्या बाईच्या हातात हे सगळं होतं, ती तेव्हा त्यांच्या टेबलावरची पेनं मोजत बसली होती.

मी रोज काउंटरवर कितीतरी चिडलेल्या माणसांना गोडीगुलाबीने वाटेला लावतो. घरी माझी डाळ शिजेना. मध झाला, गूळ झाला, कुस्करलेलं केळं झालं. माझ्या लहानपणी आमच्याकडे सरळ पद्धत होती: एक आत्या हात धरी, दुसरी नाक दाबी आणि आई बोंडल्याने औषध घशात ओती. तीही करून पाहिली. लेकीने सगळं माझ्या इस्त्रीच्या शर्टावर उलटी करून परत केलं, आणि आता पुन्हा द्यावं की नाही, पोटात किती गेलं असेल, यावर आम्ही नवरा-बायको तिच्यासमोरच भांडलो. मग मी दहीभातात पूड कालवली. तिने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिने दहीभात सोडला, मग दूध सोडलं, मग इडलीही फोडून आत काय आहे ते बघू लागली. मिठावर आधीच बंधन होतं, त्यात हे. बायको म्हणाली, "हिच्या जेवणात आता हात घालू नकोस. उपाशी राहील पोर."

आमचे घरमालक खाली राहत. वेस्ट मांबलममधलंच त्यांचं अख्खं आयुष्य, मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी आपल्या खापरपणजोबांच्या वेळची, आणि तिला हेल तमिळ. मी बोलू लागलो की ते अर्धं ऐकून तमिळमध्ये उत्तर देत. लेक त्यांना 'ताता' म्हणायची, म्हणजे आजोबा. सकाळी त्यांची पूजा आटोपायच्या सुमारास ती आपली आपण जिना उतरून जाई आणि देवापुढे उभी राही. देवाला तिथली लहान मुलं 'उम्माची' म्हणतात, तसं तीही म्हणे. उजव्या हाताखाली डावा हात धरून ती पुढे करी, ताता पळीने तीर्थ घालत, ती सुर्रकन पिऊन हात डोक्यावरून फिरवी. त्या तीर्थात तुळस असे, कापूर असे, काय काय असे. त्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती.

सांगलीहून माझी आई मदतीला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने हे पाहिलं. आई एरवी पूजेआधी चहा न घेणारी. पण तिने आमच्या घरातली पूजा नातीच्या नाश्त्यानंतर सुरू केली, कारण गोळी खाण्यानंतर द्यायची होती. पहिली पळी खऱ्या तीर्थाची. दुसरी पळी तुळशीचं पान टाकून दुसऱ्या वाटीतली. लेकीचं तोंड आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तीर्थ थुंकायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ते गिळलं आणि हात डोक्याला पुसला.

मला कळलं तेव्हा मला आनंदच झाला. देव आमच्या बाजूने उभा आहे असं म्हणून मी आईची पाठ थोपटली. बायको मात्र म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही." पण सूज उतरत होती, लेकीचे घोटे पुन्हा दिसू लागले होते, आणि दिसणाऱ्या घोट्यांपुढे बोलणार काय?

मग एका सकाळी मी पेपर घ्यायला खाली गेलो तर ताता अंगणातल्या नळाशी बसून पूजेचं तांब्याचं भांडं चिंचेने घासत होते. ते आधीच लखलखीत होतं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, की तुझी लेक आज आली, पण तिने हात पुढे केला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. तातांनी विचारलं तर म्हणाली, "कसक्कुम्." कडू लागेल. तातांनी स्वतः चाखून पाहिलं. मग पाणी ओतून दिलं, ताजं भरलं, तुळस बदलली, तरी तिने हात काढला नाही. आता ते भांड्याला दोष देत होते.

त्या म्हाताऱ्याची पाठ पाहून मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची त्यांची पूजा, आणि त्यांच्या तीर्थात खोट काढायची वेळ आम्ही त्यांच्यावर आणली होती.

मी वर जाऊन आईला सांगितलं. आई तशीच ओल्या हातांनी खाली गेली. मी मागोमाग. तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, पदर सारखा करत, आवाज न चढवता. तातांनी ऐकून घेतलं, भांडं पालथं घातलं.

"हें मला सांगून काय?" ते म्हणाले. "लेकरास सांगा."

त्या दिवशी घरातही लेकीने आजीसमोर हात पुढे केला नाही. नाश्ता होऊन बराच वेळ गेला, वाटीतली पूड वाटीत. डॉक्टरीणबाईंचं बजावणं माझ्या डोक्यात घुमत होतं आणि खरं सांगतो, मी घाबरलो होतो. लेक आता दुसरी कुठली युक्ती चालू देणार नव्हती, आणि माझ्याजवळ उरलीही नव्हती. ऑफिसचे कपडे घातलेले असताना मी तिच्यासमोर स्वयंपाकघरात फरशीवर बसलो.

"आजी दुसऱ्या पळीने देत होती ते तीर्थ नव्हतं," मी म्हणालो. "औषध होतं."

"उम्माचीचं नाही?"

"नाही. डॉक्टरांचं. तुझे डोळे सुजू नयेत म्हणून."

तिने वाटीत डोकावून पाहिलं. "कडू?"

"खूप कडू."

"तू खा."

मी चमच्याचं टोक जिभेला लावलं. चेहरा हसरा ठेवायचं मी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. माझं तोंड वेडंवाकडं झालं. ती फार बारकाईने ते बघत राहिली, आणि मग तिने उजव्या हाताखाली डावा धरून हात पुढे केला. मी पळीला हात न लावता साध्या चमच्याने औषध तिच्या तळहातावर घातलं. ती प्यायली आणि भोकाड पसरून रडली. मी तिला रडू दिलं, मग गुळाचा खडा दिला. हात मात्र तिने डोक्याला नाही, माझ्या शर्टाला पुसला.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी ती अर्धा तास पलंगाखाली बसे, कधी मी बँकेत उशिरा पोचून बोलणी खाई. पण गोळी जात होती. आणि तिला एक सवय लागली. कशाच्याही आधी ती विचारी, "कडू?" रस्समला विचारलं, नव्या चपलांना विचारलं. आई सांगलीला परत निघाली तेव्हा एग्मोरच्या प्लॅटफॉर्मवर तिने आजीकडे बघत मला तेच विचारलं. मी म्हटलं, हो, थोडं.

काही दिवसांनी ती तातांकडे गेली. हात पुढे केला आणि विचारलं, "कसक्कुमा?" ताता हसले नाहीत. त्यांनी एक पळी आपल्या हातावर घेतली, प्यायले, "इल्लै," म्हणजे नाही, असं म्हणाले, आणि मग तिला दिली. तेव्हापासून त्यांच्या घरी रोज तसंच चालतं. आधी ते पितात, मग ती.

गोळ्या संपल्या, आम्ही पेढे वाटले. हा आजार परत येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. आपण मात्र ते ऐकल्यासारखं करतो. गेल्या आठवड्यात ती पुन्हा डोळे सुजवून उठली. संध्याकाळी मी गोळी आणली, तिच्यासमोरच दोन चमच्यांत चुरडली. तिने काही महिन्यांमागचं सगळं विसरावं अशी माझी आशा होती. ती विसरली नव्हती. बघत उभी राहिली, आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं.

"कडू?"

नाही म्हणावं, असं मला आयुष्यात कधी इतकं वाटलं नसेल.

"हो," मी म्हणालो. "तेच आहे. खूप कडू."

तिने उजव्या हाताखाली डावा धरला आणि हात पुढे केला.